मामीचा तास आणि मामाचे आरसे

माझा मामा आरशात बघत नाही. जन्मभर आरसे कापले, घासले, लोकांच्या भिंतींवर टांगले, पण स्वतःचा भांग पाडायचा झाला की कंगवा घेऊन मामीसमोर उभा राहतो. मामी सांगते, डावीकडे एक शेपटी राहिली आहे. तो ती हाताने चापून बसवतो आणि कामाला लागतो. मी एकदा विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाला, आरसा समोर आला की मला त्याची कड दिसते, पाठ दिसते, कुठे लाट आली आहे ते दिसतं. मधला माणूस दिसतच नाही.

आमच्या रस्त्यावर त्याला सगळे आरसेवाले म्हणतात. खरं नाव बहुतेक फक्त पोस्टमनला माहीत असेल. मी त्याच्या बहिणीची मुलगी. नववीत शाळा सोडली. शाळेने मला सोडलं का मी शाळेला, यावर घरात दोन मतं आहेत. आई डोक्याला हात लावून बसली होती तेव्हा मामा आला आणि एवढंच म्हणाला की हिला माझ्याकडे दे. अठरा पूर्ण झाली तशी त्याने मला टेम्पो शिकवला. आज चार वर्षं मी त्याचे आरसे गावभर पोचवते. एकही फोडलेला नाही. म्हणजे एक फोडला, पण तो मामा धरत नाही, म्हणून मीही धरत नाही.

त्याच्या कामाची एक रीत सांगते, म्हणजे माणूस कळेल. गिऱ्हाईक आलं आणि आरसा हवा म्हणालं, की लांबी-रुंदी विचारायच्या आधी मामा विचारतो, घरात सगळ्यात बुटकं कोण? लोक हसतात. कोणी म्हणतं आई, कोणी म्हणतं धाकटी, चार वर्षांची. मग मामा त्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीने आरशाची खालची कड ठरवतो. म्हणतो, उंच माणूस वाकू शकतो, बुटक्याने काय टाचांवर जन्म काढायचा? मोठ्या रस्त्यावरच्या न्हाव्याने त्याच्याशी यावरून भांडण केलं होतं. खुर्ची वर-खाली होते हो, तुम्ही सरळ लावा. मामाने सरळ लावला नाही. आता त्या दुकानात लहान मुलं रडत नाहीत, कारण कात्री कुठे चालली आहे ते त्यांना दिसतं. न्हावी हे स्वतः सांगतो, पण मामाला नाही, मला सांगतो.

आमचं घर म्हणजे रेल्वेचा डबा म्हणा. अरुंद आणि लांबच लांब. पुढे दुकान, मध्ये स्वयंपाकघर, मागे मामीची खोली. दुकानाच्या दारापासून डाव्या भिंतीच्या कडेने एक बोळ सरळ मागे जातो आणि शेवटाला उजवीकडे वळून मामीच्या खोलीत शिरतो. तिन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती. खिडकी एकच, दुकानाच्या दारावर, आडवी, हात वर केला तरी न पोचणारी.

मामी लग्न होऊन आली तेव्हा शाळेत गणित शिकवायची. घरी येऊन मागच्या खोलीत वह्या तपासायला बसायची. पंधरा दिवस काही बोलली नाही. मग एकदा म्हणाली, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. मामाने ते ऐकलं आणि चहा पिऊन निघून गेला. तिला वाटलं राग आला.

आठ दिवसांनी तो दुकानाच्या छपरावर चढला. दारावरच्या खिडकीबाहेर एक आरसा तिरका बसवला, आभाळाकडे तोंड करून. त्यातून उजेड खिडकीत, खिडकीतून बोळाच्या वरच्या अंगाने सरळ मागे. बोळाच्या वळणावर दुसरा आरसा, उभा, कोपरा कापून बसवलेला. तिथे उजेड उजवीकडे वळतो आणि खोलीत शिरतो. आणि खोलीत, स्वयंपाकघराकडच्या भिंतीवर तिसरा, भिंतभर, वरपासून खालपर्यंत. तो आलेला उजेड सगळीकडे उधळतो. ज्याला खिडकी नाही त्या खोलीत दिवसभर दिवा लावावा लागत नाही. मामी सांगते, त्या दिवशी मी लाल पेनाने एका मुलाला चुकून दहापैकी अकरा दिले.

तेव्हापासून घरात एकच कडक नियम आहे. मामी कामाला बसली की बोळात कोणी थांबायचं नाही. जायचं तर पटकन जायचं, शक्यतो वाकून. थांबलात की मामीच्या वहीवर तुमची सावली पडते. मग मामा दुकानातून ओरडतो, कामातून मान वर न करता, "उजेडात उभं राहू नका." मी लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा मला वाटायचं सगळ्यांच्याच घरात असं म्हणतात.

तर अशा घरात गेल्या वर्षी मामी निवृत्त झाली. गुडघे गेले होते, शाळेचे जिने झेपत नव्हते. पहिले दोन महिने तिने डबे घासले. मग कपाटं लावली. मग मला अपूर्णांक शिकवायला घेतले. मी म्हटलं, मामी, मी इंचाचा आठवा भाग डोळ्यांनी सांगते, मला आणखी काय शिकवणार? ती म्हणाली, "तेच तर. तुला येत होतं, मला शिकवता आलं नाही." आणि वही मिटली. मला ते लागलं. मी शाळा सोडली तेव्हा माझी आई रडली होती, पण मामीने ते स्वतःच्या खात्यावर टाकून घेतलं आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

म्हणून जेव्हा तिच्या जुन्या सहकारी बाईंनी कळवलं की एक संस्था घरबसल्या शिकवायला माणसं घेते, गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी, तेव्हा मीच तिचा फोटो काढला, मीच अर्ज भरला. लॅपटॉप मामाने आणला. चार आठवडे परीक्षा म्हणून शिकवायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी. अट एकच, तास मध्ये तुटता कामा नये. एक-दोनदा सांभाळून घेतात. तिसऱ्यांदा तुटला की नमस्कार.

नेट घेतलं. नेटवाला आला, दारावरच्या खिडकीतून वायर आत घेतली, गल्ल्याशेजारी खाली फळीवर वायफायचा डबा ठेवला, उरलेल्या वायरचं वेटोळं खिळ्याला अडकवलं आणि गेला. दुकानात मस्त चालत होतं. मामीच्या खोलीत मोबाइलवर सिग्नलची एक काडी दिसायची, तीही लाजत लाजत. आणि मोबाइलचं स्वतःचं नेट म्हणाल तर मागच्या खोलीत मोबाइल म्हणजे घड्याळ. वेळ बघायची आणि खिशात ठेवायचा.

पहिला तास चालला. दुसरा चालला. तिसऱ्या तासाला मामी एका मुलीला सांगत होती की तीन चतुर्थांश हे दोन तृतीयांशापेक्षा मोठे का, आणि "का"वरच पडदा गोठला. मामी तोंड अर्धं उघडं ठेवून बसली होती, कारण तिला वाटलं आपण हललो तर आणखी बिघडेल. एक गेला.

दुकानात बस म्हणायचं तर दुकानात कड घासायचं यंत्र आहे. ते बंद ठेवलं तरी बाहेर रस्ता आहे, दारात गिऱ्हाईक आहे, आणि शेजारी छापखाना आहे, त्याचं मशीन सुरू झालं की आमच्या गल्ल्यातली नाणी नाचतात. नेटवाल्याला बोलावलं. तो म्हणाला मागे वेगळी वायर ओढावी लागेल किंवा दुसरा डबा लावावा लागेल, आणि दोन्हीला पुढच्या आठवड्याशिवाय हात लागणार नाही. तो निघाला तसं मामाने त्याला धरलं आणि विचारलं, हे डब्यातून निघतं ते काय असतं? तो हेल्मेट घालत म्हणाला, लहरी असतात. मामाने विचारलं, उजेडासारख्या? तो म्हणाला, तसंच समजा.

झालं. मामा तसंच समजला.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो लावून आत आले तर मामा गल्ल्याशेजारी जमिनीवर बसला होता. डब्याच्या मागे एक आरसा, दोन बाजूंना दोन, बारीक कापून, कडा घासून, नीट जोडून. म्हणाला, हे सगळीकडे सांडत होतं, रस्त्यावर फुकट जात होतं, आता सरळ मागे जाईल. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर एक आरसा तिरका. मामीच्या खुर्चीमागे आणखी एक, आलेलं पकडायला. मोबाइल हातात घेऊन तो घरभर फिरत होता, सापाचा माग काढावा तसा. छापखानेवाले काका दारात चहा पीत उभे होते. म्हणाले, आरसेवाले, आता नेटचा पण भांग पाडणार काय? मामाने फळीवरचा आरसा आणखी बोटभर तिरका केला. त्याला खात्री होती. ज्या माणसाने विहिरीच्या तळाशी आभाळ आणून दिलं, त्याला ही चार काड्यांची गोष्ट काय अवघड?

त्या दिवशी मामीचा तास बाराव्या मिनिटाला तुटला. दोन गेले.

आणि वर संस्थेचा निरोप आला की शुक्रवारी सकाळी त्यांच्या मोठ्या बाई तासाला येऊन बसतील. म्हणजे पडद्यावर. बघतील आणि ठरवतील. त्या दिवशी मंगळवार होता.

 रात्रीचं जेवण वाढताना मामी म्हणाली की पस्तीस वर्षं शिकवलं, तेवढं पुरे होतं खरं तर, आणि शुक्रवारच्या आधीच त्यांना कळवून टाकते, उगाच त्या बाईंचा वेळ कशाला घ्यायचा. मामा पानाकडे बघत राहिला.  माझी मामी आपणहून मागे हटणारी बाई नाही. माझी शाळा सुटू नये म्हणून मला नववीत तीनदा घरी बोलावून शिकवायला बसवणारी बाई आहे ती.

बुधवारी मी एका शिवणकामाच्या क्लासला सहा उभे आरसे पोचवायला निघाले. टेम्पोत आरसे भरताना मोबाइल मागेच राहिला, दोन आरशांच्या मधल्या फटीत, गोणपाटावर. रस्त्यात कळलं. पोचून काढला तर क्लासच्या बाई वैतागून दारात उभ्या. पाच वेळा फोन केला म्हणे, लागतच नव्हता. माझ्याकडे एकही वाजला नव्हता. हे मला नवीन नव्हतं. चार वर्षं टेम्पो चालवते, मोबाइल मागे राहिला की मेला, एवढं माहीत होतं. पण का मरतो, हे विचारायची बुद्धी मला कधी झाली नव्हती. तिथे फुटपाथवर उभी असताना झाली.

परत आले ती सरळ दुकानात. मोबाइल हातात धरून वायफायच्या डब्यासमोर उभी राहिले. चार काड्या. मग डब्याभोवती मामाने केलेल्या आरशांच्या पेटीमागे गेले. दीड. आरसे उभे करायच्या लाकडी घोडीवर पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या आरशांमागे गेले. एक, आणि तीही गेली. मग मामीच्या खोलीत गेले, त्या भिंतभर आरशाला मोबाइल टेकवला आणि उभी राहिले. हा आरसा आणि पुढचा डबा यांच्यामध्ये काय काय होतं, ते मी पाठीमागून मोजलं. भिंत. स्टीलच्या डब्यांनी भरलेली फळी. तिरका आरसा. घोडीवरचे वीसेक आरसे. आणि वर पेटी.

मला घुमवून बोलता येत नाही. मामा कड घासत होता. मी यंत्राचं बटण बंद केलं आणि म्हटलं, "मामा, तुझे आरसेच आड येतायत."

त्याने चष्मा कपाळावर ढकलला. मी त्याच्या हातात मोबाइल दिला, डब्यासमोर उभं केलं, आणि एक हातभर आरसा उचलून मध्ये धरला. काड्या खाली आल्या. काढला, वर गेल्या. धरला, खाली. पाच वेळा केलं. सहाव्यांदा मामा म्हणाला, पुरे. आरशाच्या पाठीला चांदीचा लेप असतो, धातूचा. ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. डब्यांच्या फळीकडे त्याने स्वतःच बघितलं.

मग तो कामाला लागला. काच कापायची हिरकणी घेतली, पट्टी लावली, काचेवर रेघ मारली, दाबली, आणि काच तिरकी तुटली. बावीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात मी मामाच्या हातून तिरकी काच तुटलेली बघितली नव्हती. त्याने तुकडे गोळा केले, टोपलीत टाकले, आणि दुसरी काच घेतलीच नाही.

मी म्हटलं, काय एवढं, पेटी काढू, घोडी दुसऱ्या भिंतीला सरकवू, डबे खाली घेऊ. ते सगळं आम्ही दुपारपर्यंत केलं. मागे दीड काडी आली. दीड काडीवर मामी बोलू शकते, पण तिने फळा दाखवला की तुटणार. राहिला होता फक्त तो भिंतभर आरसा. मामाने त्याच्या वरच्या पट्टीचे स्क्रू बघितले. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचा हात वर गेला तेव्हा मामी खुर्चीतून म्हणाली,

"त्याला हात लावायचा नाही."

मामा म्हणाला, नुसता एका तासापुरता काढतो. पण ते खोटं होतं आणि तिघांनाही ते माहीत होतं. तो आरसा बसवायला चार माणसं लागली होती. एकदा काढला की तो परत अखंड बसणार नाही, एवढा जुना झाला होता.

"तास गेला तर जाऊ दे," मामी म्हणाली. "या खोलीत मला परत दिवा लावून बसायचं नाही."

मी चिडले. मी म्हटलं, तुम्ही दोघं एकमेकांसाठी असे जीव टाका आणि शुक्रवारी त्या बाई तिकडे रिकाम्या पडद्याकडे बघत बसतील. मामीने माझ्याकडे बघितलं, वर्गात बघायची तसं. मी बाहेर गेले आणि टेम्पो धुतला. तो स्वच्छच होता.

अर्ध्या-पाऊण तासाने आत आले तर मामा बोळात बसला होता. भर बोळात, जमिनीवर, वळणावरच्या आरशासमोर. स्वतःच्याच नियमाच्या विरुद्ध, उजेडात. मला बघून सरकला नाही. विचारलं, "आरशातून आरपार जात नाही ना? मग आदळून जातं कुठे?"

मी म्हटलं मला काय विचारतोस, मी नववी. आतून मामी म्हणाली, "उजेड जातो तिथेच. चेंडू भिंतीवर मारला तर जातो तसा. जेवढा तिरका आला तेवढाच तिरका परत." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती गुडघ्यांना धरत बोळात आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "तुमचं चुकलं नव्हतं हो. आरसे बरोबर होते. डबा चुकीच्या जागी होता."

मामाने मान वळवून बोळाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. दारावरची खिडकी. त्यातून येणारा उजेड, बोळाच्या वरच्या अंगाने सरळ त्याच्या डोक्यावरून, आरशात, आणि वळून खोलीत. मध्ये काहीच नाही. ना घोडी, ना डबे, ना भिंत. बत्तीस वर्षांपूर्वी त्याने ती वाट मोकळी केली होती आणि तेव्हापासून कोणाला तिच्यात थांबू दिलं नव्हतं.

आणि नेटची वायर त्याच खिडकीतून आत आली होती. खिळ्याला वेटोळं लटकत होतं.

शिडीवर मीच चढले, मामाला आता शिडी नको. वायर गल्ल्यापासून सोडवली आणि वर ओढली. ती आत येतेच खिडकीतून, त्यामुळे काठावर पुरून उरली, उरलेली वेटोळ्यात गुंडाळली. दुकानाच्या पाटीवरच्या दिव्याला विजेची जोडणी होती, तिथूनच घेतली. डबा काठावर ठेवला तर मामा खालून म्हणाला, थांब. आत जाऊन मामीच्या टेबलावर बघून आला. "सावली पडते. उजवीकडे घे." मी घेतला. परत बघून आला. "अजून बोटभर." असं चार वेळा झालं. छापखानेवाले काका खालून बघत होते, त्यांना राहवेना. म्हणाले, आरसेवाले, काडीपेटीएवढ्या डब्याची कसली सावली? मामा म्हणाला, तुम्हाला नाही दिसणार. मग डबा उजेडाच्या काठावर बसला, उजेडात नाही, आणि मामाने मान हलवली.

मामी मोबाइल घेऊन खोलीत उभी होती. मी शिडीवरूनच ओरडले, किती? ती काही बोलेना. मला वाटलं, गेलं सगळं. मग म्हणाली, "तीन. तीन आहेत." थोडं थांबून, "चौथी येते-जाते."

गुरुवारी आम्ही तालीम केली. मी दुकानाबाहेर टेम्पोत बसून मामीच्या तासाला विद्यार्थी झाले. तिने मला तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांश समजावले. पडदा एकदाही गोठला नाही. आणि खरं सांगते, मला ते पहिल्यांदा समजलं. पट्टीवर मी बघत होते रोज, पण का, ते आता कळलं. मी तिला सांगितलं नाही. तिने ओळखलं असणार, कारण तिने लगेच पुढचं अवघड गणित घातलं.

शुक्रवारी मामाने सकाळीच यंत्राचा प्लग काढून खिशात टाकला, म्हणजे चुकून कोणी सुरू करायला नको. छापखानेवाल्या काकांना सांगून आला. त्यांनी कुरकुर केली, पण मशीन बंद ठेवलं. दहाला तास. मी बोळाच्या तोंडाशी, मामा माझ्या शेजारी, दोघंही भिंतीला चिकटून. आतून मामीचा आवाज येत होता, सरळ, न अडखळता, शाळेतला. मला तो आवाज नावडायचा. त्या दिवशी वाटलं, तासभर चालू दे, दोन तास चालू दे.

विसाव्या मिनिटाला छापखानेवाले काका आत आले. हातात रिकामी कपबशी होती, कालची परत करायची म्हणून. सवयीने सरळ बोळात शिरले आणि काय चाललंय बघायला मध्येच थांबले. धिप्पाड माणूस, बोळ भरून जातो. आत मामी म्हणाली, "ऐकू येतंय का तुम्हाला? मी पुन्हा सांगते," आणि मी मामाकडे बघितलं.

मामा ओरडला नाही. ओरडायची सोय नव्हती. त्याने काकांचा शर्ट मागून धरला आणि त्या एवढ्या माणसाला पोत्यासारखं बोळातून मागे ओढलं. कपबशी मी झेलली. मामा त्यांच्या कानाशी दातओठ खाऊन म्हणाला, "उजेडात उभे राहू नका."

आत मामी पुढे शिकवायला लागली होती. तुटलं नव्हतं. नुसतं दचकलं होतं.

तास संपल्यावर त्या मोठ्या बाई बोलल्या. आम्ही तिघंही ऐकत होतो, काका आता शहाण्यासारखे जमिनीवर बसून. त्यांनी मामीला दोन-तीन सूचना केल्या, फळ्यावरचं अक्षर थोडं मोठं काढा वगैरे. मग म्हणाल्या, सोमवारपासून दोन वर्ग तुमचे. मग विचारलं की तुमच्या खोलीत उजेड फार छान येतो, मोठी खिडकी आहे का? मामी म्हणाली, नाही, माझ्या नवऱ्याने केलाय. त्यांना ते कळलं नसावं, कारण त्या हो-हो म्हणाल्या आणि गेल्या.

मामाने खिशातून प्लग काढला, यंत्राला लावला आणि कड घासायला बसला. इतका वेळ घासत होता की त्या काचेची कड उरली असेल का याची मला काळजी वाटली. मामी बाहेर आली, गल्ल्याशी उभी राहिली. त्याचे केस उडाले होते, काकांशी झटापट करताना. तिने ते हाताने चापून बसवले.

आता मामीचे चार वर्ग आहेत. नेटवाला दुसऱ्या आठवड्यात आला, नवीन डबा घेऊन, तर मामाने त्याला चहा पाजून परत पाठवला. जाताना त्याने वर खिडकीकडे बघितलं, वळणावरच्या आरशाकडे बघितलं, आणि विचारलं की हे कोणी सांगितलं तुम्हाला? मामा म्हणाला, तूच की. तसंच समजा म्हणालास.

मी दर बुधवारी मामीच्या वर्गात बसते, टेम्पोत, कामं आटपून. बाकीची मुलं अकरा वर्षांची आहेत. त्यातला एक मला ताई म्हणतो आणि माझ्यापेक्षा भागाकार लवकर करतो. त्याचं नंतर बघून घेईन.

आणि मामाकडे गिऱ्हाईक आलं, आरसा हवा म्हणालं, की तो अजूनही लांबी-रुंदीच्या आधी विचारतो, घरात सगळ्यात बुटकं कोण? लोक हसतात, सांगतात. मग तो चष्मा कपाळावर ढकलतो आणि दुसरा प्रश्न विचारतो, जो पूर्वी नव्हता.

"आणि नेटचा डबा कुठे ठेवलाय?"